अर्ध्या पुलापर्यंत

"बगळोबा बसले म्हशीवरी,
भाडं कोण देतं गं घरी?
शेपूट हलली, पाठ झाडली,
पाण्यात पडली स्वारी सारी!"

सायकलच्या कॅरिअरवरून येणारा तो बेसूर आवाज पेई-रोंगच्या कानातून कधी गेलाच नव्हता. धाकटी आ-लिंग शाळेच्या वाटेवर हे गाणं म्हणायची आणि 'सारी' म्हणता म्हणता टुणकन खाली उडी मारायची. पाठीमागचं ओझं एकाएकी जायचं, सायकल हलकी होऊन डगमगायची, आणि पेई-रोंग चिखलात पाय टेकून ओरडायची, "सांगून उतरत जा ना गं, भवाने!" तोवर आ-लिंग बांधावरून पार पुढे पळालेली असायची. दोन्ही बाजूंच्या खाचरांत पाणी तुंबलेलं, पाण्यात ढग उलटे पडलेले.

आता पेई-रोंगला पन्नाशी लागली होती. आ-लिंग एका बायकोवाल्या मुकादमामागे रागानं घर सोडून गेली, त्यालाही वीस-एक वर्षं झाली होती. आईनं त्या दिवसापासून तिचं नाव तोंडातून काढलं नाही. मात्र दर नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी गोल मेजावर एक वाडगा जास्तीचा मांडला जायचा. "कुणासाठी गं आई?" असं एकदा विचारलं, तेव्हा "पाहुणा येतो कधी कधी," एवढंच ती बोलली होती.

पेई-रोंग मानसतज्ज्ञ होती. यिलानच्या पोलीस कचेरीत माडीवरची एक खोली तिला दिली होती. खून, अपघात, बुडालेली माणसं हाताळून आलेले पोलीस तिच्यासमोर येऊन बसायचे. कामाला लागली त्याच आठवड्यात तिनं हौसेनं अननसाच्या वड्यांचा डबा नेला होता. डबा उघडला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. तिथल्या बोलीत अननसाचं नाव घेतलं की 'भरभराट येवो' असं ऐकू येतं, आणि पोलिसांच्या धंद्याची भरभराट कशात असते ते सांगायला नको. सर्वांत जुना तपास अधिकारी जियान. त्यानं डबा दोन बोटांत धरून बाहेर नेला, खालच्या देव्हाऱ्यात पोलिसांच्या क्वान देवापुढे उदबत्ती लावली आणि परत येऊन म्हणाला, "बाई, पदवी तुमची मोठी आहे हो, पण अक्कल अजून जरा शिकाऊच." त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

तोच जियान त्या दुपारी आला तो थट्टा न करता. दार लावून घेतलं. तोंडातली सुपारी कागदात थुंकून कागदाची नीट घडी घातली.

"बाई, पुलावर माझी गाडी हलकी होते."

"म्हणजे?"

"लानयांग नदीच्या मोठ्या पुलावर. इकडून जाताना काही नाही. येताना, दक्षिणेच्या तीरावरून निघालो की गाडी जड असते. मागं कुणी बसलं की कशी मागून दबते, तशी. पुलाच्या मधोमध आलो की उचलते. कुणी उतरून गेल्यासारखी." तो कसनुसं हसला. "गॅरेजवाल्याला दाखवली. तो म्हणाला, गाडी ठीक आहे साहेब, तुम्हीच सर्व्हिसिंगला जा."

"कधीपासून?"

"त्या बाईला आणली तेव्हापासून."

ती बाई कोण, हे कचेरीत कुणालाच विचारावं लागत नसे. शरदात, नदीच्या दक्षिणेला, सानशिंगच्या कांदापातीच्या वाफ्यांच्या कडेच्या कालव्यात एका बाईचं प्रेत सापडलं होतं. गळा आवळलेला. पाण्यानं चेहरा नेला होता. नाव नाही, गाव नाही, हरवल्याची कुणाची तक्रार नाही. आणि ज्या प्रेताला नाव नाही त्याचा खुनी शोधायचा तरी कुणाच्या ओळखीपाळखीत?

"शववाहिकेचा ड्रायव्हर म्हातारा होता," जियान सांगू लागला. "मला म्हणाला, साहेब, पूल आला की हाक मारा. पूल आला, सांभाळून ये, असं सांगावं लागतं, नाहीतर जीव मागं राहतो. माझ्या बापाला नेताना मीही मारली होतीच की हाक. पण हिला काय म्हणून हाक मारू? नाव कुठंय? आणि शेजारी ती नवी पोरं, मोबाइलात तोंड घालून बसलेली. म्हटलं, हसतील. गप्प बसलो."

पेई-रोंगनं मान हलवली. अपराधाची बोच, शरीरानं धरून ठेवलेली आठवण, त्याच जागी पुन्हा पुन्हा जागी होणारी. तिनं ते सगळं जियानला समजावून सांगितलं. शब्द बरोबर होते. सांगताना तिचे हात मात्र मांडीवर, नसलेल्या सायकलचा दांडा धरल्यासारखे आवळले गेले होते.

कारण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

तपासाला मदत म्हणून त्या बाईच्या अंगावरच्या वस्तू तिला दाखवल्या होत्या. ही कशी राहत असेल, कुणाला घाबरत असेल, कुणावर विश्वास टाकत असेल, याचा अंदाज बांधायला. झिजलेले रबरी बूट. एक सदरा. त्या सदऱ्याचं एक बटण घरी शिवलेलं होतं, आणि दोऱ्याची गाठ बाहेरच्या बाजूला होती. गाठ आत राहिली की छातीला टोचते, असं म्हणून सगळ्या गणवेशाच्या गाठी बाहेर काढून ठेवणारी एकच मुलगी पेई-रोंगनं पाहिली होती. "एकटी राहणारी, स्वतःचं स्वतः करणारी," असं तिनं तपासवाल्यांना सांगितलं आणि सदरा परत पिशवीत घातला. जगात आणखीही कुणी गाठ बाहेर ठेवत असेल. आणि नाव घेतलं नाही तोवर आ-लिंग कुठंतरी होती, उनाड, कोडगी, जिवंत. तोवर आईच्या मेजावरच्या त्या वाडग्याला अर्थ होता.

"एकदा बरोबर जाऊ या," ती जियानला म्हणाली. "दिवसाउजेडी. मी शेजारी बसते. भीतीच्या जागी जाऊन भीतीला बघायचं, हाच त्यावर उपाय."

"तुम्हाला भीती नाही ना वाटणार?"

"मला कसली?"

ते गेले त्या दिवशी बारीक भुरभुर होती, यिलानला असते तशी. पलीकडच्या तीरावर पातीच्या वाफ्यांजवळ जियाननं गाडी वळवली. क्षणभर थांबला. गाडीत ओल्या मातीचा आणि ठेचलेल्या पातीचा वास आला. खिडक्या बंद होत्या. मग मागची बाजू हळूच दबली, आणि पेई-रोंगच्या पाठीला ते ओझं ओळखीचं वाटलं.

"आलं लक्षात?" जियान पुढं बघतच म्हणाला.

"रस्ता खराब आहे," ती म्हणाली.

पूल सुरू झाला. खाली नदीचं पात्र पसरलेलं, दगडगोटे, मधून पाण्याच्या राखाडी वेण्या, वाळूच्या बेटांवर पांढरं बोरू गवत. मध्य जवळ आला. आणि मग गाडी उचलली. अलगद. सायकलच.

तिच्या तोंडातून हुंदका नाही, नाव निघालं.

"आ-लिंग!"

जियाननं ब्रेक दाबला नाही. उत्तर तीराला लागल्यावर रस्त्याच्या कडेला घेऊन गाडी थांबवली आणि वायपर चालूच ठेवले.

"कोण आ-लिंग, बाई?"

"माझी बहीण," ती म्हणाली. "खरं नाव वेन पेई-लिंग. तुमची कालव्यातली बाई. मला शरदापासून माहीत आहे."

तो रागावला नाही. "शरदापासून," तो म्हणाला, "आणि मी तुमच्यापुढं बसून रडगाणं गातोय." मग आपला रुमाल तिच्यापुढं धरला. "घ्या. धुतलेला आहे."

तिच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना घेतला. तो जुळला. नाव मिळालं आणि साचलेल्या पाण्याला वाट फुटावी तसा तपास वाहू लागला. पेई-रोंग त्यातून बाजूला झाली होती; जियान येऊन सांगायचा तेवढंच तिला कळे. आ-लिंग सानशिंगला एका खोलीत भाड्यानं राहत होती, वर्षानुवर्षं, पातीच्या जुड्या बांधायच्या कामावर. मुकादम केव्हाच सोडून गेला होता. खोलीच्या मालकिणीच्या भाच्यानं कबुली दिली. कारण इतकं क्षुल्लक होतं की जियाननं ते पेई-रोंगला सांगितलंच नाही.

दुसरंच काहीतरी सांगितलं.

"मालकीण म्हणते, रोज काम सुटलं की तोंड धुऊन, केस विंचरून निघायची. कुठं गं, विचारलं की म्हणायची, घरी निघाले. पुलावरनं चालत जायची अर्ध्यापर्यंत. मग परत. मालकीण म्हणते, आम्ही हसायचो तिला, अशी कशी गं तू, तुझं घर काय पुलाच्या मधोमध आहे?"

पेई-रोंगनं खिडकीतून खाली पाहिलं. पुलापासून तिचं घर सायकलच्या वाटेवर होतं. इतकी वर्षं ती रोज संध्याकाळी घरी जात होती, दिवा लावत होती.

आता आईला सांगणं आलं.

आई परसदारी बसून भाताच्या वड्यांसाठी बांबूची पानं धूत होती. पेई-रोंग सांगत गेली तसा तिचा हात मंदावला. पण थांबला नाही.

"कुठं सापडली म्हणालीस?"

"सानशिंगला. नदीच्या पलीकडे."

"पलीकडंच ना?"

"हो, आई."

"पुलाच्या पलीकडं. अलीकडं नाही."

"नाही."

आई उठली. कपाटातून तो वाडगा काढला, धुतला, पुसला, परत जागच्या जागी ठेवला. रडली नाही. "आणू या तिला," म्हणाली. वीस वर्षांत मुलीला घरी आणायचं ती पहिल्यांदाच बोलली.

कालव्याच्या काठी पुजारीबुवांनी मेज मांडलं. फळं, उदबत्त्या, बांबूला बांधलेली लांब कागदी पताका. आईनं पताका धरली आणि लाकडी चंद्रकोरींचा कौल लावला. जीव मागोमाग यायला तयार असेल तर एक कोर पालथी पडते, एक उताणी. दोन्ही उताण्या पडल्या. पुन्हा टाकला. पुन्हा उताण्या. पेई-रोंगनं टाकून पाहिला, तेच. बाजूला उभ्या जियानला बुवा म्हणाले, "साहेब, तुमच्या हातानं बघा," तरी तेच.

"दोन्ही उताण्या म्हणजे हसतेय," बुवा हळूच म्हणाले. "यायचं तर आहे तिला. पण काहीतरी अडतंय. आई, तुमचं काही बोलायचं राहिलंय का तिच्याशी?"

"मला काय बोलायचं असणार?" आई म्हणाली. "चला. भिजायला होतंय."

बुवांनी मान हलवली आणि निघायला सांगितलं. वाटेत हाका मारत न्या, म्हणाले.

जियान गाडी चालवत होता. पेई-रोंग त्याच्याशेजारी. मागं आई, मांडीवर पताका. आणि मागची बाजू दबलेली, एका म्हातारीच्या वजनाहून किती तरी जास्त.

पूल आला.

"आ-लिंग, पूल आला गं," पेई-रोंग म्हणाली. "आईजवळच बस. उतरू नकोस."

"पेई-लिंगताई, पूल आला," जियानही म्हणाला. मोठ्यानं, न लाजता. "सांभाळून या. तेव्हा हाक मारली नाही, चुकलं माझं."

पात्र सरकत होतं. बोरू गवत. पाणी.

मध्य आला.

गाडी हलकी झाली.

"थांबवा," आई म्हणाली.

"मावशी, पुलावर थांबता येत नाही हो..."

"थांबव म्हणते ना, मेल्या!"

जियाननं गाडी कडेला घेतली. आई पताका घेऊन उतरली, तशीच पावसात, आणि आले होते त्या दिशेनं थोडं मागं चालत गेली. पेई-रोंग तिच्यामागं धावली आणि काही पावलांवर थबकली.

कठड्यापाशी कुणी नव्हतं. आई खाली पाण्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, आपल्याहून जरा उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. मान किंचित वर करून.

मोटारी पाणी उडवत जात होत्या. आईच्या हातातली पताका भिजून खाली लोंबत होती.

"रोंगला मी सांगितलं, तू रागानं गेलीस," आई म्हणाली. "खोटं सांगितलं. तू दारात रडत उभी होतीस. मीच म्हटलं, जा. मी जिवंत आहे तोवर हा पूल ओलांडून अलीकडं पाऊल टाकायचं नाही, असं मीच म्हटलं तुला."

तिनं हात पुढं केला. हवेत, गालाच्या उंचीवर, तो थांबला.

"जन्मात माझा एक शब्द ऐकला नाहीस, बये. आणि ऐकलास तो हाच?"