राणीचा उपास

नगरहून श्रीरामपूरला निघालेल्या एसटीत दयाला बसायला जागा मिळाली, पण पिशवी ठेवायला मिळेना. शेजारच्या पोराच्या पायाशी एक खोकं होतं. तिने खुशाल त्यावर पिशवी टेकवली.

"अहो, त्याच्यावर नको," तो म्हणाला.

"का? काचेचं सामान आहे?"

"नाही... साप आहे."

दुसरी कुणी असती तर गाडी डोक्यावर घेतली असती. दयाने पिशवी उचलली, पाय जरा आवरून घेतले आणि त्याच्याकडे नीट बघितलं. डोळे बरे होते. वेड्याचे वाटत नव्हते.

मग राहुरी येईपर्यंत सगळी कुंडली कळली. त्याचं नाव जॉर्ज, फ्रिज-एसी दुरुस्त करायचा. खोक्यात राणी, आज पहिल्यांदाच त्याच्या घरी चाललेली. परदेशी जातीचा अजगर, बिनविषारी. इथला साप पाळायला कायद्याने बंदी, पण हिची सरकारकडे रीतसर नोंद केलेली. दया मेडिकलच्या काउंटरवर कामाला. दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आणि चर्चही एकच. फक्त तो सकाळच्या उपासनेला, ही संध्याकाळच्या. इतकी वर्षं चुकामूक झाली म्हणायची.

उतरताना तो म्हणाला, "या कधी... राणीला बघायला."

दुसऱ्याच संध्याकाळी गेली की ही!

तिथून रोजचंच झालं. काउंटर सुटलं की दया जॉर्जच्या घरी. तो राणीला पेटीतून काढून तिच्या हातांवर ठेवायचा. गार, कोरडी, चांगली वजनदार राणी हळूहळू मनगटावर चढायची, आणि जॉर्जची बोटं दयाच्या बोटांखाली जरा जास्तच रेंगाळायची... न पडणाऱ्या सापाला इतका आधार कशाला लागतो, हे तिने कधी विचारलं नाही. अहो-जाहो केव्हा सुटलं तेही कळलं नाही. जॉर्जची आई मनकर्णाबाई चहा ठेवता ठेवता पुटपुटायची, "सापासाठी कुनी रोज येतं व्हय?"

सगळं छान चाललेलं, पण राणी खाईना. जॉर्ज बर्फात गोठवलेला उंदीर आणून, कोमट करून पुढ्यात ठेवायचा. ती तोंड फिरवायची.

आणि मग ते फोन सुरू झाले.

फोन वाजला की जॉर्ज परसात पळायचा. दया राणीला घेऊन बसलेली, आणि बाहेरून कानावर यायचं... "हो मॅडम... नाही मॅडम... चुकलंच मॅडम."

"कोण ही?"

"डॉक्टर जयमाला. नगरच्या, जनावरांच्या. राणीचं विचारत होत्या."

"इतका वेळ?"

"काळजी वाटते त्यांना."

"कुणाची?"

जॉर्ज कानामागे खाजवत राहिला. दयाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बिचारी रात्री मोबाईलवर त्या बाईचा फोटो शोधून बसली. सापडला एकदाचा, आणि नसता सापडला तर बरं झालं असतं. केस आखूड, गळ्यात नाग घालून हसतेय. दयाने मनाशी ठरवलं, आपण काही कमी नाही. दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली, नवा ड्रेस घालून, आणि राणीला मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत बसली. जीव कोण लावतंय ते दिसू दे त्याला!

डिसेंबरची थंडी वाढली. साखर कारखान्याकडून मळीचा वास येऊ लागला. एका संध्याकाळी मांडीवरच्या राणीने तोंड उघडलं, आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज आला. नाकाशी बुडबुडे.

जॉर्जचा चेहरा पांढराफटक पडला.

सकाळी दोघं नगरला निघाले. खोकं ब्लँकेटात गुंडाळून दयाने छातीशी धरलेलं. ज्या बाईचं तोंड बघायचं नव्हतं तिच्याच दारात, राणीचा जीव वाचवा म्हणून जायची पाळी आली होती.

डॉक्टर जयमालांनी राणीला तपासलं, इंजेक्शन दिलं. "छातीत कफ आहे. उपास एक वेळ निभावतो, हे दुखणं जीव घेतं." मग चष्म्यावरून बघितलं. "जॉर्ज, अजून हाताळता ना हिला?"

जॉर्ज चपलांकडे बघत राहिला.

"पहिल्या दिवसापासून फोनवर बोंबलतेय मी. नव्या घरी आलेल्या सापाला एकटं सोडा. ऊब द्या, लपायला जागा द्या, खाईपर्यंत हात लावू नका. रोज बाहेर काढलं तर घाबरून खाणार कसा तो? त्यात ही थंडी."

दया उठून बाहेर आली. मागोमाग जॉर्ज.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर... तू आली असतीस?"

"म्हणून मुक्या जिवाला उपाशी मारायचं?"

"रोज वाटायचं, आज सांगू. तू आलीस की तोंडच उघडायचं नाही." त्याचे डोळे भरून आले. "माझंच चुकलं, दया."

"आणि मी तिच्यावर जळत होते! डॉक्टरवर! वाटलं तुमचं काहीतरी आहे."

त्याला एवढ्यातही हसू फुटायला लागलं.

"दात काढू नकोस. खरंच जळत होते, झोप लागत नव्हती." तिने डोळे पुसले. "राणी खाईपर्यंत तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही."

आणि नाही टाकलं. पण मन थोडंच ऐकतं? जॉर्ज इंजेक्शनसाठी नगरच्या वाऱ्या करतोय, हे मनकर्णाबाईंकडून कळायचं. आता तिथे तो एकटा, आणि ती डॉक्टर... त्यांचं काही नाही हे माहीत असूनही काउंटरवर दयाच्या हातून खोकल्याच्या औषधाऐवजी मलम जायचं. खाईल तेव्हा येईलच की सांगायला, असं ती स्वतःला समजवायची. आणि राणीने खाल्लंच नाही तर?

नाताळच्या आधी एका संध्याकाळी दयाच्या दाराची कडी वाजली. तिच्या आईने, भागिरथीबाईंनी, दार उघडलं. दया आत भाकरी थापत होती.

"राणी जेवली का रे?"

"नाही मावशी, अजून नाही. श्वास तेवढा मोकळा झालाय."

दयाचा हात परातीत थांबला.

"मग काय काम काढलंस?"

"काम काही नाही, मावशी," जॉर्जचा आवाज आला. "दयाशिवाय करमत नाही."

भागिरथीबाईंनी त्याला एकदा वरून खालपर्यंत बघितलं, दारातून बाजूला झाल्या आणि आत आवाज दिला, "दया, एक ताट जास्त घे गं."