नानीच्या बाजूचं दार

"तौफिक, हलू नकोस! श्वाससुद्धा घेऊ नकोस!"

"किती वेळ?"

"हेडलाइट चिकटेपर्यंत!"

टेबलाचा एक पाय डुगडुगायचा, आणि तो घट्ट धरून बसायचं काम दहा वर्षांच्या तौफिककडे आलं होतं. टेबलावर त्याची मोठी बहीण अदीबा चिमट्यात मसुराएवढा काचेचा मणी पकडून वाकली होती. शेजारची सायली, अदीबाच्याच सातवीच्या वर्गातली, फेविक्विकची नळी धरून तयार होती. टक्! मणी बसला. तौफिकनं असा काही श्वास सोडला की टेबलावरची कागदाची कात्रणं उडाली.

दिवाळीची सुट्टी लागल्यापासून रोशन गेटजवळच्या नानांच्या घरी हाच उद्योग चालला होता. नानांची चाळीस वर्षांची जुनी फियाट चोवीस पटींनी लहान होऊन टेबलावर उभी राहत होती. खऱ्या गाडीचे चोवीस सेंटिमीटर म्हणजे अदीबाच्या गाडीचा एक. अंग प्लास्टिकच्या शीटचं, चाकं कोटाच्या बटणांची आणि बॉनेट नीट बंद राहावं म्हणून आत जुन्या इयरफोनमधला डाळीएवढा लोहचुंबक! रंग देण्याआधी अदीबानं खऱ्या गाडीभोवती टेप घेऊन चार दिवस घिरट्या घातल्या होत्या. कुठं किती पोचा आहे तेसुद्धा तिच्या मापांच्या वहीत लिहिलेलं होतं.

"सगळं झकास आहे गं," सायली म्हणाली, "पण या डाव्या दारावर हँडलखाली डाग कशाला रंगवलास? चांगल्या गाडीची शोभा घालवलीस!"

"डाग नाही तो. तिथं खरंच भोक होतं. एकदा चावी हरवली तेव्हा मेकॅनिकनं दुसरं कुलूप बसवायला रुपयाएवढं भोक पाडलं, आणि मग कुलूपच बसेना. शेवटी पुट्टी भरून बुजवलं."

"मग बुजलं ना? सोडून द्यायचं!"

"का सोडायचं? गाडीला आहे, तर मॉडेललाही पाहिजे," अदीबा ठसक्यात म्हणाली. थापा मारणारं मॉडेल तिला मुळीच चालत नसे.

तेवढ्यात गल्लीत ओळखीचा हॉर्न वाजला.

"आली! फियाट आली!" तौफिक पाय सोडून पळाला. टेबल डुगडुगलं, सायलीनं रंगाची बाटली कशीबशी झेलली आणि दोघी त्याच्यामागे धावल्या.

पुढच्या महिन्यात सदफखालाचं लग्न होतं. धाकट्या लेकीची पाठवणी फियाटमधूनच करायची, असं नानांनी कधीचं ठरवलं होतं. म्हणून तन्वीरमामूनं गाडी गॅरेजमध्ये देऊन डेंटिंग-पेंटिंग करून आणली होती. काय दिसत होती गाडी! मलईसारखा रंग, एक पोचा नाही की ओरखडा नाही. शेजारपाजारचे गोळा झाले.

शहात्तर वर्षांचे नाना, कमरोद्दीन मास्तर, पायऱ्या उतरून आले. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. मग डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"तन्वीर, हे दार माझं नाही."

"काय बोलता अब्बा! गाडी आपली, नंबर आपला, मग दार कुणाचं?"

"वाजत नाही ते."

"अहो, खडखड काढली गॅरेजवाल्या गोकुळनं! त्यासाठीच तर गाडी दिली होती."

"हाताला ओळखीचं लागत नाही बेटा. माझं दार असं बंद होत नाही."

बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. मामूचा चेहरा लाल झाला. गेल्याच आठवड्यात नानांनी चहात मीठ टाकलं होतं आणि त्याआधी गॅस चालू ठेवून ते नमाजला निघून गेले होते. मामूनं गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली. "आता गाडी तुम्ही चालवायची नाही, अब्बा. लग्नालाही भाड्याची गाडी आणू. ही विकून टाकलेली बरी."

मामू वाईट नव्हता, घाबरलेला होता. पण नाना आत निघून गेले, आणि अदीबाला मामूचा भयंकर राग आला.

संध्याकाळी नाना पायरीवर एकटेच बसलेले दिसले. अदीबा त्यांना खेटून बसली. ते म्हणाले, "ते दार तुझ्या नानीचं. फहमिदा तिथं बसायची. एकदा वेरूळला जाताना हाताला घट्ट होते म्हणून तिनं चांदीची बांगडी काढली आणि काचेच्या कडेवर ठेवली. गेली ना सटकन दाराच्या आत! मी म्हटलं, दार खोलून काढतो. तर म्हणाली, 'राहू द्या, छान वाजतेय.' तेव्हापासून दार लावलं की खण्ण वाजायचं. तुम्हाला सगळ्यांना वाटायचं, स्क्रू सैल झालाय."

नानी जाऊन दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी नाना गाडी पुसायला जात आणि एक दार उघडून लावत, हे अदीबानं कितीदा पाहिलं होतं. का लावतात ते तिला आज कळलं.

"पण तन्वीर खरं बोलत असेल, बेटा," नाना हळूच म्हणाले. "माझंच डोकं चालेनासं झालं असेल. तुला काय वाटतं?"

नानांनी आजवर तिला पाढे विचारले होते, राजधान्या विचारल्या होत्या, पण असं काही कधीच विचारलं नव्हतं. "मी उद्या सांगते," एवढंच ती म्हणाली.

सकाळी सात वाजता तिघांची पलटण गाडीपाशी हजर झाली.

"दार बदललं असेल तर हँडलखाली भोक नसणार," अदीबा म्हणाली.

"पण पेंट तर सगळीकडे सारखाच! खालचं कसं दिसणार?" सायलीनं विचारलं.

अदीबानं मूठ उघडली. तळहातावर मॉडेलच्या बॉनेटमधला चुंबक होता. "पत्र्याला चिकटतो. पुट्टीला चिकटत नाही!"

तिनं वही उघडली. हँडलपासून खाली नऊ सेंटिमीटर, मागच्या कडेपासून सात. टेप लावून तिनं नेमक्या जागी चुंबक ठेवला. चट्! घट्ट चिकटला. इकडे सरकवला, चट्! तिकडे सरकवला, चट्!

"सगळा पत्राच आहे!" सायली ओरडली.

"म्हणजे नाना बरोबर बोलत होते!" तौफिकनं उडीच मारली. "चला, मामूला सांगू!"

"थांब. मामू म्हणेल, भोकाला पत्रा वेल्ड केला असेल. आपल्याला खरं दार सापडलं पाहिजे."

जालना रोडच्या मागच्या गल्लीत गोकुळचं गॅरेज होतं. गोकुळ एका बसखाली झोपून ठोकाठोकी करत होता. बाहेर आली ती फक्त मान.

"दार बदललं? अय पोरींनो, दार म्हंजी काय चप्पल व्हय, बदलायला? लई कामं हायेत मला, जावा!"

सायलीला बोलण्यात हरवणं सोपं नव्हतं. "नाही हो काका, भांडायला नाही आलो! रंग लई भारी दिलाय तुम्ही. आमच्या छोट्या गाडीला तस्साच पाहिजे. झाकणभर उरलाय का?"

स्तुती ऐकून गोकुळ पुरताच बाहेर आला. अदीबानं पिशवीतून मॉडेल काढलं, तसा तो हात पुसत खालीच बसला. "आयला! हे तू केलंस? वायपरसुदिक?" तो आत जाऊन डबा घेऊन आला आणि तळ खरवडून औषधाच्या बाटलीत रंग ओतू लागला. "लई नाय उरला बघ. एका डब्यात दोन फियाटी काढल्या मी!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दोन?" अदीबानं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"व्हय की. एक तुमची अन् एक खुलताबादच्या कडुबाशेठची. लग्नाला भाड्यानं देतो तो. दोन्हीची आठ दारं इथं भिंतीला लायनीत वाळत..." गोकुळ मध्येच थांबला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग डब्याकडे. "पण मी बघूनच बसविली दारं," तो घाईनं म्हणाला आणि परत बसखाली शिरला. या वेळी ठोकाठोकी मात्र ऐकू आली नाही.

खुलताबादला जायला मोठं माणूस सोबत हवं होतं. अदीबा नानांकडे गेली. दार तिथं नसलंच तर नानांचा किती हिरमोड होईल, या भीतीनं तिनं अर्धंच सांगितलं. "तिकडं एक फियाट आहे नाना, मॉडेलसाठी मापं घ्यायचीत. येता?"

पोरांसाठी नाना कधी नाही म्हणाले होते? कन्नडच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला ऐटीत कार्ड दाखवलं. "पंच्याहत्तरी पार! तिकीट माफ!"

"आमचं दोघींचं अर्धं!" सायली म्हणाली.

"आणि माझंही अर्धंच, मी लहान आहे," तौफिक म्हणाला. "मग उरलेल्या पैशांची सीताफळं!" दौलताबादच्या रस्त्यावर ढीगच लागले होते. पण एसटी काही थांबली नाही, आणि तौफिक घाट चढेपर्यंत फुगून बसला.

कडुबाशेठची फियाट त्यांच्या दुकानासमोर झेंडूच्या माळा घालून उभी होती. मलई रंगाची, अगदी जुळी बहीण! शेठ धिप्पाड आणि हसतमुख होते. "मापं? घ्या की! पण त्या डाव्या दाराला लई धक्का लावू नका. गॅरेजवाल्यानं आत काहीतरी विसरून ठेवलंय. परवा नवरदेव म्हणला, शेठ, तुमची गाडी खुळखुळ्यावानी वाजती!"

नाना जागच्या जागी थबकले.

अदीबानं टेप लावला. हँडलपासून खाली नऊ. कडेपासून सात. तिनं चुंबक ठेवला आणि बोट काढलं. चुंबक घसरला आणि टप्पकन मातीत पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला!

"पुट्टी!" तिघं एकदमच किंचाळले.

"नाना, म्हणजे हेच..." अदीबा नानांकडे वळली.

नाना पुढे झाले. त्यांनी दार उघडलं, क्षणभर हँडल तसंच धरून ठेवलं आणि मग लावलं.

खण्ण!

नानांनी डोळे मिटले. झेंडूच्या माळांवर हात ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसतही होते. "हेच!" ते म्हणाले. "माझं डोकं शाबूत आहे गं पोरी! शाबूत आहे!" अदीबा त्यांच्या कमरेला बिलगून हुंदके देऊ लागली, आणि मग सायली आणि तौफिकही रडायला लागले. कडुबाशेठ बिचारे गोंधळून कधी दाराकडे, कधी या चौघांकडे बघत राहिले. सगळं ऐकल्यावर त्यांनी स्वतःच फोन लावला. "गोकुळ, आहे तसा ये! अन् येताना चाचाच्या गाडीचं डावं दारही आण!"

दोन तासांनी गोकुळ आला. फियाटमधून आला आणि ती चालवत होता तन्वीरमामू. शेठचा फोन झाल्यावर गोकुळनं त्याच्यापाशी सगळं कबूल केलं होतं.

"चुकलं चाचा," गोकुळ मान खाली घालून म्हणाला. "दारावर खूण करायची आठवण नाय राहिली. पोरगी विचारून गेली तवाच मनात शंका आली व्हती, पर बोलायचं धाडस नाय झालं."

अदीबानं मामूच्या हातात मापांची वही दिली. त्यानं ते पान दोनदा वाचलं, खिशातून चावी काढली आणि नानांच्या तळहातावर ठेवून त्यांची मूठ मिटली. "अब्बा, मला आधी ऐकून घ्यायला पाहिजे होतं."

"चहात मीठ तर मी टाकलंच होतं," नाना म्हणाले. "तुझी काळजी खोटी नव्हती. पण मला विचारत जा, बेटा." मग ते नातीकडे वळले. "आणि या पोरीला शाबासकी दे. सगळ्यांनी भोक बुजवलं, हिनं तेवढं लक्षात ठेवलं!"

"पुढच्या बारीला मीच तुझ्याकडून वही मागून नेतो बघ!" गोकुळ म्हणाला, तसे सगळे हसले. तासाभरात दारं आपापल्या गाडीला बसली. "चाचा, खोललंच हाय तर आतली बांगडी काढून देऊ का?" त्यानं विचारलं.

"राहू दे," नाना म्हणाले. "छान वाजतेय."

परतताना गाडी नानांनीच चालवली. वाटेत तौफिकला पोटभर सीताफळं मिळाली.

रात्री जेवणं झाल्यावर अदीबानं मॉडेलचं डावं दार पुन्हा खोललं. तुटक्या पैंजणाची एक बारीकशी कडी तिनं दोन पातळ शीटच्या मध्ये सोडली, कडा चिकटवल्या आणि गोकुळच्या रंगानं दार रंगवलं. हँडलखालचा डाग अर्थातच पुन्हा काढला. सकाळी रंग वाळल्यावर तिनं मॉडेल नानांच्या हातात दिलं.

"दार लावून बघा ना."

नानांनी गाडी कानाशी नेली आणि अंगठ्याच्या नखानं ते एवढंसं दार हलकेच लावलं.

आत काहीतरी अगदी बारीक वाजलं. नानांनी दार उघडून पुन्हा एकदा लावलं.