उत्तर उद्याच्या प्रयोगाला

एप्रन जागेवर नव्हता.

गायला आत जाताना तिने तो याच खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. आता खुर्ची होती, खुर्चीवर तिची पिशवी होती, एप्रन मात्र गायब. गाणं चांगलं झालं की त्याचा पार विचका झाला, याचा विचार करायलाही तिला उसंत मिळाली नाही. उद्या सकाळी डेंटल कॉलेजात प्रॅक्टिकल होतं आणि एप्रन नसेल तर मॅडम दारातूनच परत पाठवत. तास बुडवून ऑडिशनला यायची हौस भलतीच नडली म्हणायची, असं स्वतःला सुनावत ती नाट्यगृहाच्या मागच्या बोळातून शोधत निघाली.

एका उघड्या दारातून इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. आत कपडेच कपडे... कोट, झगे, फौजी गणवेश, राजाच्या शाली. त्या सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून एक तरुण कुठल्याशा झग्याला टाके घालत होता. खोलीतला दिवा अगदीच मिणमिणता होता, म्हणून त्याने छोटा टॉर्च चक्क दातांत धरला होता. आणि त्याच्या डोक्यावर, नर्सच्या गणवेशांच्या रांगेत, तिचा एप्रन शहाण्यासारखा लटकत होता.

“तो माझा आहे,” ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं, तसा टॉर्चचा झोत सरळ तिच्या डोळ्यांत आला. मग त्याने टॉर्च तोंडातून काढला आणि बाहीला पुसला.

“कुठला?”

“तो. त्या नर्सच्या रांगेतला. मी नर्स नाहीये.”

“सगळ्या तेच म्हणतात. इथे कुणालाच नर्स व्हायचं नसतं. सगळ्यांना नायिका व्हायचं असतं.”

“अहो, खरा एप्रन आहे तो. डेंटल कॉलेजचा. खिशात बघा.”

त्याने खिशात हात घातला आणि प्लास्टरचा आख्खा जबडा बाहेर काढला. तो दचकला नाही. दिव्याखाली धरून त्याने तो नीट न्याहाळला.

“कुणाचा?”

“बाबांचा.”

“बाबांचे दात खिशात घालून फिरता?”

“सरावाला ठसा घेतला होता. ते स्वतः डेंटिस्ट आहेत, त्यांची काही हरकत नाही.” मग तिला राहवलं नाही. “तुमच्या पुढच्या दाताचा मात्र टवका उडालाय. लोखंडाचा टॉर्च असा दातांत धरता म्हणून. आणखी वर्षभर धरलात तर अर्धा दात जाईल.”

त्याने पटकन तोंड मिटलं. त्याचे कान लाल झाले, आणि ते तिला उगीचच आवडलं. एप्रन हातात देण्याआधी त्याने खिशाची उसवलेली कड दोन टाक्यांत नीट केली आणि दोरा तोडला... दातांनीच.

तिची निवड झाली.

व्यावसायिक संगीतिका, वर्षभराचा करार, आठवड्यातले बहुतेक दिवस प्रयोग. कॉलेज एक वर्ष जागा राखून ठेवायला तयार झालं, पण खरी परीक्षा घरी होती. बाबांच्या दवाखान्यात त्यांच्या खुर्चीशेजारी एक दुसरी नवी खुर्ची आली होती, तिच्यासाठी. अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणात होती. बाबांनी त्या वेष्टणावरून एकदा हात फिरवला.

“एक वर्ष,” ते म्हणाले. “पोटभर गा. मग परत ये.”

“आणि तोवर ते प्लॅस्टिक काढू नका,” आई म्हणाली. “धूळ बसते.”

कामाच्या पहिल्या दिवशी तिने एप्रन स्वतःहून नेऊन कपडेपटात टांगला. वर्षभर सांभाळा, म्हणाली. कपडेपटाच्या प्रमुख मावशींनी हसून मान डोलावली. मंडळींनी तिला डॉक्टर हे नाव देऊन टाकलं. टाके घालणाऱ्या त्या तरुणाला तर मौनी हे नाव आधीपासून होतंच, कारण काम करताना त्याच्या तोंडात कायम काहीतरी असायचं, कधी टाचण्या, कधी टॉर्च. शिवाय बोलणं आणि काम ही दोन्ही एका वेळी त्याला जमत नसत. बोलायला लागला की त्याचे हात थांबायचे. अहो-जाहो पहिल्याच आठवड्यात गळून पडलं.

तिचं काम मोठं नव्हतं. पहिल्या अंकात लग्नाच्या नाचात मागच्या रांगेत नाचायचं, धावत विंगेत यायचं आणि नायिकेचं एक कडवं संपेपर्यंत रेल्वेची गार्ड होऊन परत रंगमंचावर जायचं. नाचाच्या झग्यावरूनच लांब कोट, डोक्यावर टोपी, हातात हिरवा झेंडा, आणि पायांत सॅटिनच्या सपातांऐवजी गुडघ्यापर्यंतचे बूट. मग मात्र एक आख्खं गाणं तिचं एकटीचं होतं. कोट आणि टोपी ती स्वतः चढवायची, बूट मौनीकडे. विंगेतल्या काळोखात तो टॉर्च दातांत धरून गुडघ्यावर बसायचा आणि भराभरा नाड्या ओढायचा.

गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. बटणं लावता लावता ती कुजबुजत एक प्रश्न विचारायची. तो “हं” म्हणायचा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, टॉर्च तोंडात घालण्याआधी, एका वाक्यात उत्तर यायचं.

“तुला पाऊस आवडतो?”

दुसऱ्या दिवशी — “नाही. कपडे वाळत नाहीत.”

“कुणावर प्रेमबिम केलंयस कधी?”

दुसऱ्या दिवशी — “प्रेम नाही. बिम केलंय.”

ती हसत हसतच रंगमंचावर गेली आणि त्या दिवशीची गार्ड जरा जास्तच खुशीत होती, असं दिग्दर्शक म्हणाले.

“काल माझं गाणं कसं झालं?”

दुसऱ्या दिवशी — “ऐकता ऐकता नायकाचा सदरा जाळला. मावशी रागावल्यात.”

दिवसभर ती प्रश्न साठवायची. बसमध्ये सुचलेला प्रश्न संध्याकाळपर्यंत जपून आणायची. त्याच्या “हं”चे प्रकार तिला ओळखू येऊ लागले. एक हो-चा, एक नाही-चा, आणि एक लांबलेला, म्हणजे विचार करून सांगतो. एका रविवारी दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात दोघं मागच्या पायऱ्यांवर चहा पीत बसले होते. पाऊस भुरभुरत होता. त्याने काही न बोलता स्वतःचा कोरडा कपडा तिच्या बाजूच्या ओल्या पायरीवर पसरला आणि तिला सरकायची खूण केली. तेवढंच. पण ती सरकली आणि तिला कळून चुकलं की आपल्याला हा माणूस आवडायला लागलाय. चांगलाच.

त्याच आठवड्यात तिने त्याला कपाळावर बांधायचा दिवा आणून दिला. तिच्या कॉलेजात सगळे तो वापरत.

“दात वाचतील,” ती म्हणाली.

त्याने पट्टा उलटसुलट करून पाहिला. “तोंड मोकळं राहील मग.”

“राहू दे की.”

“मग तू विचारलंस की तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागेल. मला एक दिवस लागतो.” त्याने दिवा जपून कपाटात ठेवला आणि पुन्हा टॉर्च दातांत धरला.

वर्ष सरत आलं, तसं एका दुपारी दिग्दर्शकांनी तिला बोलावलं. नाटक दौऱ्यावर निघणार होतं. आताची नायिका दौऱ्याला येणार नव्हती. “तू करशील का?” त्यांनी विचारलं. “आठवडाभरात सांग.”

तिने रात्री घरी फोन केला. बाबा म्हणाले, “प्लॅस्टिक आणखी वर्षभर राहू देतो. मनाविरुद्ध येऊ नकोस.” रागावले असते तर बरं झालं असतं. तिला गाणं हवं होतं. पण गेले काही महिने ती नटमंडळींचे दातच बघत हिंडत होती, नायकाला अक्कलदाढ दाखवायला तिनेच ढकलत पाठवलं होतं, आणि त्या दिवशी खोलीवर परतताना तिला इतका आनंद झाला होता, की रोजचं गाणं गुणगुणायचंही ती विसरली होती. परत जायची ओढ होती. तरीही कुणीतरी एकदा थांब म्हणायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे काही वेगळं सांगायला नको. आणि त्याने म्हटलं असतं तर ती थांबलीही असती.

पुढच्या प्रयोगाला बटणं लावता लावता तिने मौनीला विचारलं, “दौऱ्यावर नायिकेचं काम देतायत. थांबू?”

लांबलेला “हं”.

दुसऱ्या दिवशी — “तुझं तू ठरव.” आणि टॉर्च तोंडात.

त्यानंतर तिने प्रश्न विचारणंच बंद केलं.

दोन दिवसांनी ती कपडेपटात डोकावली तर तो इस्त्री करत होता. टेबलावर तिचा एप्रन होता. पांढराशुभ्र धुतलेला, कॉलर ताठ, सगळी बटणं नव्याने शिवलेली.

“मला घालवायची एवढी घाई झालीय?” ती म्हणाली.

त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने इस्त्री बाजूला ठेवली.

“राहू दे. तोंडात मिठाची गुळणी धरून बस तसाच.”

एप्रन न घेताच ती तरातरा दिग्दर्शकांकडे गेली आणि दौऱ्याला नाही म्हणाली. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, नाही म्हटल्याचं तिला दुःख नव्हतं. रडू येत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

शेवटचा प्रयोग आला. तिने कसाबसा नाच संपवला आणि विंगेत धावत आली. कोटाच्या बाह्यांत हात घातले, खाली पाहिलं... आणि तिचे डोळे दिपले. तो गुडघ्यावर बसला होता आणि उजेड त्याच्या कपाळावरून येत होता. तिने दिलेला दिवा. तोंड मोकळं.

“आज विचारणार नाहीस काही?” तो म्हणाला.

“नाही. तू नाड्या बांध.”

त्याने एक बूट चढवला, नाड्या ओढल्या, गाठ मारली. दुसरा हातात घेतला.

“मी थांब म्हटलं असतं तर तू थांबली असतीस,” तो म्हणाला. “मग पुढे कधीतरी तुला तो दवाखाना आठवला असता, आणि तू माझ्याकडे बघितलं असतंस... मला ते बघणं नको होतं. म्हणून मी तसं म्हटलं नाही. एप्रन धुतला. दुसरं काही मला जमत नव्हतं.”

“बूट —” ती म्हणाली.

“तू जाणार म्हणून मला घास जात नाहीये. मला तू आवडतेस. त्या जबड्याच्या दिवसापासून.”

त्याचे हात केव्हाच थांबले होते. बूट तसाच हातात. रंगमंचावर नायिकेचं कडवं संपलं, वाद्यांनी तिची धून धरली, आणि ती पळाली.

एका पायात गुडघ्यापर्यंतचा बूट, एका पायात गुलाबी सॅटिनची सपात. एक पाऊल वाजायचं, दुसरं मुकं. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू मागपर्यंत पसरत गेलं. तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग तीही हसली, आणि हसत्या तोंडाने गायला लागली. वर्षभरात ते गाणं तसं एकदाही झालं नव्हतं. शेवटचा सूर संपला तेव्हा कुणी हसत नव्हतं. विंगेत मौनी उरलेला बूट छातीशी धरून उभा होता आणि कपाळावरचा दिवा विझवायचं विसरला होता.

सकाळी सामानाचा ट्रक दौऱ्याला निघाला. ती एप्रन घ्यायला आली होती. तो ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबला.

“उत्तर?” त्याने विचारलं.

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वर्षभर त्याने वाट बघायला लावली होती, त्याची थोडी तरी परतफेड नको का?

“उद्याच्या प्रयोगाला,” ती म्हणाली. त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ट्रक वळेपर्यंत ती हात हलवत उभी राहिली.

कॉलेजचे दिवस भराभर गेले. हाताला पुन्हा सवय झाली, बाह्यरुग्ण विभागात पेशंट मिळू लागले. त्याचा अधूनमधून फोन यायचा, कुठल्या गावी कपडे वाळले आणि कुठल्या गावी नाही, हे सांगायला. उत्तराबद्दल त्याने पुन्हा एकदाही विचारलं नाही, आणि तिलाही ते फोनवर द्यायचं नव्हतं.

एका दुपारी मास्क चढवून, कपाळावर दिवा बांधून ती पुढच्या पेशंटकडे वळली. “तोंड उघडा,” ती सवयीने म्हणाली आणि दिवा खाली केला.

वरचा, पुढचा दात. टवका उडालेला, आता बराच मोठा. चेहऱ्याकडे बघायच्या आधीच तिने त्याला ओळखलं.

“काय होतंय?” तिने शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

“एका डॉक्टरने आधीच बजावलं होतं. ऐकलं नाही,” तो म्हणाला. “दौऱ्याला महिनाभर सुट्टी आहे. म्हटलं दाखवून यावं.”

“कपाळाला बांधायचा दिवा दिला होता ना?”

“तो एकाच प्रयोगाला वापरला. नंतर बोलण्यासारखं कुणी नव्हतं.”

तिने त्याच्या ओठांआड कापसाच्या गुंडाळ्या बसवल्या, आरसा आत घातला आणि म्हणाली, “आता बोलायचं नाही. हलायचंही नाही.”

“हं.”

“तुझं एक उत्तर राहिलंय माझ्याकडे.” आरसा तिने तसाच स्थिर धरला होता. “मलाही तू आवडतोस. त्या पायरीवर कपडा पसरलास ना, तेव्हापासून. तू दौऱ्यावर जाशील, मी इथे दात बघेन, तू येशील, मी वाट बघेन. मला चालेल. तुला चालेल?”

त्याचे डोळे पाणावले. “हं,” तो म्हणाला. हा प्रकार तिने आधी कधी ऐकला नव्हता, पण तो कळायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

“पेशंटला बोलायला का लावतेयस?” मागून मॅडमचा आवाज आला.

“नाही मॅडम, मीच बोलतेय,” ती म्हणाली आणि कामाला लागली. टवका भरला, घासून गुळगुळीत केला, मॅडमना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि त्या पुढे गेल्या. त्याने चूळ भरली, जिभेने दात चाचपला.

“परत केव्हा दाखवायला येऊ?”

“उद्या,” ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटसाठी खुर्ची सरळ केली.