केकीसरांचा ठसा

ठसा लावून पाहण्यात अच्युतराव नेन्यांचं नुकसान काहीच नव्हतं. लाभ मात्र घसघशीत होता. बायकोच्या अंगावर दर रविवारी काटा येतो तो नेमका कशाने, हे एकदाचं कळणार होतं. कळल्यावर त्यात खोटही काढता आली असती.

दोघं दर रविवारी जात त्या नाशिकच्या श्रवणमंडळात रसग्राहक यंत्र येऊन वर्ष झालं होतं. कानामागे चिकटवायची चकती. जाणकार माणूस ऐकत असताना ती त्याची नाडी, श्वास, मानेच्या स्नायूंची हालचाल टिपून ठेवी; हा त्याचा ठसा. तोच ठसा दुसऱ्याने लावला, की त्याचं शरीर जाणकाराच्या शरीरासारखं ऐकू लागे. तिथे दर वेळी लागणारा, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका सिंफनीचा सात मिनिटांचा संथ भाग, नुसती व्हायोलिनं आणि हार्प, नवख्यांना एरवी जांभया आणी. ठसा लावला की त्यांचेच डोळे भरत.

वसुधा नेहमी एकच ठसा उचले: व्हायोलिन शिकवणाऱ्या केकी बाटलीवालांचा. केकीसर विधुर होते, टापटीप होते, आणि अच्युतरावांच्या मते संशय यावा इतकं कमी बोलत. स्वतः अच्युतराव नाट्यसंगीतात मुरलेले. पहिल्याच रविवारी त्यांनी ऐन नाजूक जागेवर खणखणीत ‘वा’ म्हणून दाद दिली होती. इथे दाद शेवटी, तीही मिनिटभर गप्प बसून देतात, हे त्यांना वीस माना वळल्यावर समजलं. तेव्हापासून मंडळाने त्यांना दाराजवळ बसवून ठशांची पेटी सांभाळायला दिली होती.

त्या रविवारी केकीसर गावाला गेले होते. अच्युतरावांनी त्यांचा ठसा लावला आणि थेट त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसले. डावीकडे वसुधा, नाइलाजाने दुसऱ्या कुणाचा तरी ठसा लावून.

आधी नुसता श्वास लांबला. मग हार्प थांबली, व्हायोलिनं एका स्वरावर थबकली, आणि अच्युतरावांची मान आपोआप डावीकडे वळली. छाती धडधडू लागली. वसुधाच्या कानामागची पांढरी बट, मिटलेल्या पापण्या. एकतीस वर्षं समोर वावरणारी बाई त्यांनी श्वास रोखून पाहिली. हार्प पुन्हा सुरू झाली तेव्हा मान सरळ झाली होती आणि गाल ओले होते.

म्हणजे या जागेवर केकीसर संगीत ऐकतच नव्हते.

पेटी बंद करण्याआधी अच्युतरावांनी तो ठसा पुसून टाकला.

पुढच्या रविवारी ते ज्याला त्याला सांगत होते, की यंत्रातच काही बिघाड असावा. केकीसरांनी खांदे उडवले. “परत टिपून देऊ नी, त्यात काय मोठं?”

“नको, सर,” वसुधा म्हणाली. “मुद्दाम बसून केलेला तसा येणार नाही.” मग नवऱ्याजवळ येऊन, हलक्या आवाजात: “तुम्ही लावला होता ना? मान वळली?”

अच्युतराव पेटीची कडी चाचपत राहिले.

घरी त्यांनी दोन-तीनदा तिच्या उजवीकडे बसून पाहिलं. मान वळवली. मेथी निवडणारी बायको दिसली, इतकंच. छाती आपल्या चालीने चालत होती.

केकीसरांचं काही गेलं नाही. त्यांना ठसा लागतच नव्हता. वसुधाची आठवड्यातली सात मिनिटं गेली, आणि तिने ती कुणाकडे मागितलीही नाहीत. अच्युतरावांनी मात्र बायकोकडे पाहायची हाताशी आलेली एकुलती एक नजर स्वतःच्याच अंगठ्याने पुसली होती. परक्याची का असेना; एकतीस वर्षांत स्वतःची अशी त्यांनी कमावली होती कुठे?