रिकाम्या खुर्च्या म्हणाल्या ‘मंजूर’

“पोहायला जायचं तर आत्ता निघा. नंतर उन्हं उतरली की मावशी पाण्यात पाय घालू देणार नाही,” टॉवेल खांद्यावर टाकत टिटवी म्हणाली, आणि नेमका तेव्हाच चौकातल्या खांबावरचा कर्णा खरखरला.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण ती ओरडली की पलीकडच्या गल्लीतलं झोपलेलं कुत्रंही दचकून उठायचं, म्हणून आईनेच हे नाव ठेवलं होतं. तिच्या धाकट्या भावाला सगळे शेपूट म्हणत. टिटवी जाईल तिथे तो मागे असायचाच. दोघं सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. मावशीची लाँड्री खाली, घर वर, आणि गल्ली अगदी नगरपरिषदेच्या इमारतीला पाठ लावून. तिसरा गडी शेजारच्या चष्मेवाल्यांचा मुलगा. त्याला वकील म्हणत, कारण तो भिंतीशीसुद्धा वाद घालायचा आणि भिंत हरायची.

दर मंगळवारी दुपारी नगरपरिषदेची सभा असे आणि सभेतलं बोलणं कर्ण्यावरून चौकात ऐकू येई. आपले सदस्य आत काय ठरवतात ते लोकांना कळावं, म्हणून ही सोय. पण लोकांना त्या कर्ण्याची इतकी सवय झाली होती की तो वाजतोय हेही कुणाच्या ध्यानात येत नसे. कुणी म्हणजे कुणीही मान वर करत नसे.

“मागच्या गल्लीतली घरं आणि दुकानं हटवून तिथे वाहनतळ करण्याचा ठराव,” सचिवांचा रटाळ आवाज आला. “आज पहिली मंजुरी, पुढच्या मंगळवारी अखेरची. आवाजी मतदान घेऊ या.”

लगेच कल्ला उठला, “मंजूर! मंजूर!” तो ओसरत आला, तेवढ्यात कुणीतरी घसा खाकरला आणि सावकाश, घरगुती सुरात म्हणालं, “मंजूर हो.”

टिटवीच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला.

तो काकांचा आवाज होता. काका म्हणजे मावशीचे यजमान. या गल्लीने त्यांना वर्षानुवर्षं सदस्य म्हणून निवडून दिलं होतं. बोलण्याआधी ते अस्सेच खाकरायचे आणि प्रत्येक गोष्टीला ‘हो’ जोडायचे. पण काका हिवाळ्यातच गेले होते. त्यांच्या जागी अजून कुणी निवडूनही आलेलं नव्हतं. टिटवीच्या अंगावर सरसरून काटा आला. शेपटाने तिचा हात इतका घट्ट धरला की त्याची नखं रुतली.

तेवढ्यात जळका वास आला. मावशी खिडकीशी उभी होती आणि तिच्या हाताखालची इस्त्री कुणाच्या तरी शर्टावर तशीच टेकलेली होती. ती भानावर आली, इस्त्री उचलून चरफडली, लक्ष कुठे असतं माझं, असं काहीबाही बोलली. आवाजाबद्दल टिटवीने विचारलं, तेव्हा एकाच्या आवाजासारखा दुसऱ्याचा आवाज असतो, असं म्हणून तिने पाठ फिरवली. पण तिचे डोळे भरून आले होते, ते टिटवीला दिसलं.

पोहणं राहिलंच. तिघंही लाँड्रीच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. वकिलाने घसा साफ करून सांगायला सुरुवात केली. आवाजी मतदान म्हणजे हात मोजायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. नुसतं ओरडायचं. ‘मंजूर’चा आवाज मोठा की ‘नामंजूर’चा, एवढंच अध्यक्ष कानाने ठरवतात.

“आणि ओरडणारा मेलेला असला तर?” शेपटाने विचारलं.

वकील वाद अर्ध्यावर टाकून नियमांचं पुस्तक धुंडाळायला घरी पळाला. हे आजवर कधी घडलं नव्हतं.

दोन दिवसांनी आणखी एक गोष्ट घडली. सभागृहातल्या खुर्च्यांच्या पांढऱ्या खोळी मावशीच्याच लाँड्रीत धुवायला येत. त्यांचं गाठोडं आलं आणि डाग बघून कपडे वेगळे करायचं काम टिटवीकडे आलं. गेल्या सुट्टीत हेच काम करताना ती कंटाळून गेली होती. डोकं टेकतं तिथे तेलाचा डाग, हातांच्या जागी शाई, कुठे पानसुपारीचा तर कुठे कसला तरी शिंतोडा. या वेळी तिने एक खोळ झटकली, दुसरी झटकली. नुसती धूळ उडाली. सगळ्या गाठोड्यात तेलकट खोळी निघाल्या दोनच, एक अध्यक्षांच्या उंच खुर्चीची आणि एक सचिवांची.

टिटवी हातातली खोळ धरून उभीच राहिली. दर मंगळवारी एवढा कल्ला होतो. माणसं खोकतात, हसतात, खुर्च्या सरकवतात. आणि खुर्चीत मात्र कुणी बसतच नाही? भर दुपारी, इस्त्रीच्या धगीत उभं असूनही तिला हुडहुडी भरली.

तिने हे मावशीला सांगितलं. मावशीने हातातला शर्ट घडी करून बाजूला ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “राहू दे ना, बाळा. दर मंगळवारी मी त्या खिडकीशी जाऊन उभी राहते. भूत असेल तर असू दे. आवाज तर ह्यांचाच आहे.”

टिटवीला रडू आलं आणि रागही आला. “मावशी, तो आवाज तुझंच घर पाडायला निघालाय!”

मावशी इस्त्री बंद करून वर निघून गेली. काकांनी याच घरासाठी, याच गल्लीसाठी चपला झिजवल्या होत्या आणि आता त्यांच्याच तोंडून गल्लीवर नांगर फिरणार होता. टिटवीला ते सहन होईना.

मार्ग काढला वकिलाने. काकांनीच पूर्वी भांडून एक नियम करून घेतला होता, तो त्याला पाठ होता. सभागृहाच्या वर नागरिकांसाठी सज्जा आहे. तिथे बसलेल्या कुणालाही आवाजी मतदानाबद्दल शंका आली, तर त्याने फक्त ‘हात दाखवा’ म्हणायचं. मग अध्यक्षांना हात मोजावेच लागतात.

“हात दाखवा? म्हणजे अध्यक्ष भविष्य सांगतात का?” शेपटाने विचारलं आणि टपली खाल्ली.

मंगळवारी दुपारी तिघं धुतलेल्या खोळींचं गाठोडं घेऊन नगरपरिषदेच्या मागच्या दाराशी गेली. शिपाई स्टुलावर पेंगत होता. खोळी पोहोचवायच्या आहेत म्हटल्यावर त्याने डोळेही पुरते उघडले नाहीत. सभा सुटेपर्यंत आतल्या जिन्यापाशी थांबा, एवढं सांगून त्याने पुन्हा मान टाकली. आतला जिना सज्ज्यात जात होता. वर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी होती. दुरुस्ती कसली, तिथे कोळ्यांनी निवांत संसार थाटले होते. दार ढकललं तर ते आपसूक उघडलं.

सज्ज्याच्या कठड्याआड तिघं दबून बसली. खाली सभागृह होतं. पडदे ओढलेले, दिवे विझलेले, फक्त अध्यक्षांच्या टेबलावर एक दिवा. अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवर जादाच्या पांढऱ्या खोळी चढवलेल्या होत्या आणि अंधारात त्या खुर्च्याच कुणीतरी पांघरूण घेऊन बसल्यागत दिसत होत्या. प्रत्येकीसमोर माइक होता. एकाही खुर्चीत माणूस नव्हता.

अध्यक्ष आणि सचिव आले. सचिवांनी आतून कडी घातली, टेबलावरच्या यंत्राची कळ दाबली, आणि सभागृह माणसांनी भरलं. म्हणजे आवाजांनी भरलं. डावीकडे कुणीतरी खोकलं. उजवीकडे खुर्ची करकरली, पण तिकडची एकही खुर्ची जागची हलली नव्हती. मागच्या रांगेत दोघं कुजबुजले आणि हसले. शेपटाची बोबडी वळली. वकिलाने डोळे गच्च मिटून घेतले. टिटवीने मात्र नजर हलवली नाही. मग तिला दिसलं, की हे सगळे आवाज भिंतींवरच्या काळ्या खोक्यांमधून येत आहेत. म्हणजे भूत नाही! आणि भूत नाही म्हटल्यावर तिच्या भीतीचं एकदम संतापात रूपांतर झालं.

“वाहनतळाचा ठराव. अखेरची मंजुरी,” सचिव माइकमध्ये म्हणाले. “आवाजी मतदान.”

“मंजूर! मंजूर!” खोकी गरजली.

“हात दाखवा!” टिटवी उठून ओरडली.

तो आवाज अध्यक्षांच्या माइकमध्ये शिरला आणि कर्ण्यावाटे चौकात जाऊन आदळला. आज पहिल्यांदाच चौकातल्या माणसांनी मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं, असं चष्मेवाले नंतर सांगत होते. इकडे अध्यक्षांच्या हातातला चष्मा गळून पडला. पण ते लवकर सावरले. वर बघत, गोड हसत म्हणाले, “बाळ, नियम मतदारांसाठी आहे. तू मतदार आहेस का? नाही ना? मग खाली ये आणि घरी जा.”

टिटवी कठड्यापासून मागे सरली. तिने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने मान खाली घातली. मतदार व्हायला त्या तिघांनाही अजून पुष्कळ वर्षं होती.

“मी आहे मतदार.”

सज्ज्याच्या दारात मावशी उभी होती. धापा टाकत होती, इस्त्रीचं फडकं तसंच हातात होतं. मुलं गाठोडं घेऊन निघाल्यापासून तिचं कामात चित्त लागेना, म्हणून ती मागोमाग आली होती आणि जिन्यात थबकून सारं ऐकत होती. ती कठड्याशी आली आणि म्हणाली, “हात दाखवा.”

सचिव यंत्र बंद करायला धावले आणि घाईत भलतीच कळ दाबून बसले. मतदान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. “मंजूर! मंजूर!” कल्ला ओसरला. रिकाम्या सभागृहात कुणीतरी घसा खाकरला.

“मंजूर हो.”

मावशीने कठडा घट्ट धरला. टिटवीला वाटलं, आता ती कोसळणार. पण ती ताठ उभी राहिली आणि तिचा आवाज सगळ्या चौकाने ऐकला.

“हे आमच्या ह्यांचं बोलणं आहे. ह्यांचा हात दाखवा.”

अध्यक्ष खाली बसले. सचिव यंत्र पाठीआड झाकून उभे राहिले. बाहेरून सभागृहाचं दार धडाधड वाजू लागलं, कारण चौकातली माणसं आत आली होती. सज्ज्यातून थेट सभागृहात उतरणारा एक अरुंद जिना होता, त्याने वकील धावत खाली गेला आणि त्याने आतली कडी काढली.

पुढे जिल्ह्याच्या कार्यालयातून एक तपासणी अधिकारी बाई आल्या आणि सगळा घोळ बाहेर पडला. सदस्यांना सभेचा कंटाळा आला होता. ‘माझं मंजूर धरा’ असा फोन करून ते घरीच राहत. एकदा कुणीच आलं नाही, म्हणून सचिवांनी एका जुन्या भरगच्च सभेचा आवाज लावून वेळ मारून नेली. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. मग काय, दर मंगळवारी तेच. अध्यक्षांच्या मेव्हण्याची नवी बाजार-इमारत उभी राहत होती, तिला वाहनतळ हवाच होता. कुणी वरून बघू नये म्हणून अध्यक्षांनी सज्जाच बंद करून टाकला. त्या जुन्या कल्ल्यात आपल्याच एका दिवंगत सदस्याचा आवाज आहे, हे अध्यक्षांना आणि सचिवांना ओळखूसुद्धा आलं नव्हतं. मावशीला सगळ्यात जास्त चीड याचीच आली.

गंमत अशी, की हात वर करायची वेळ होती तेव्हा सभागृहात एकही हात नव्हता, आणि चौकशी सुरू होताच सगळ्याच सदस्यांनी हात वर केले. आम्हाला काही ठाऊकच नव्हतं म्हणे! अधिकारी बाईंनी कुणाचंही ऐकून घेतलं नाही. अध्यक्षांची आणि सचिवांची खुर्ची गेली आणि आवाजांवर मंजूर झालेले सगळे ठराव रद्द झाले. बाईंनी मुलांना बोलावून शाबासकी दिली. मोठ्यांनी कानांत बोळे घालून घेतले होते आणि ते तुम्ही काढलेत, असं त्या भर चौकात म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी तर आपल्या मुलाशी आठवडाभर वाद न घालण्याचं कबूल केलं. ते काही त्यांना जमलं नाही.

जाण्याआधी अधिकारी बाई लाँड्रीत आल्या. त्या जुन्या सभेचं ध्वनिमुद्रण त्यांनी बरोबर आणलं होतं. हवं तर ऐका, म्हणाल्या. मावशीने ओले हात पुसत होकार दिला. या वेळी ती सभा पहिल्यापासून ऐकू आली. मागच्या गल्लीत फार अंधार असतो, शाळेची मुलं संध्याकाळी घाबरतात, तिथे दिवा बसवावा, असा काकांनीच मांडलेला ठराव होता. मग कल्ला, मग ते खाकरणं, मग ते दोन शब्द.

मावशीने बाहेर पाहिलं. संध्याकाळ झाली होती आणि गल्लीच्या तोंडाशी तो दिवा रोजच्यासारखा नुकताच लागला होता. ती तिथेच स्टुलावर बसली आणि काका गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. टिटवी तिला बिलगली. शेपूटही दुसऱ्या बाजूने बिलगला.

“इतके दिवस चोरीचा माल ऐकत होते मी,” डोळे पुसत मावशी म्हणाली. “हे आत्ताचं खरं त्यांचं.”

पुढच्या मंगळवारी तिने दुकान दुपारीच बंद केलं, आणि सज्ज्यात पहिल्या रांगेतली जागा मिळावी म्हणून तिघांनाही लवकर जेवायला बसवलं.