चौसष्ट टक्के

हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या दुकानात घडलंय. आणि मामा असा की, भूत समोर आलं तरी आधी त्याची वायर कुठे जोडलीय ते बघेल.

मंगळवार होता. दुपारचे अडीच. लख्ख ऊन.

मामा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मशीनमधलं सगळं पुसण्याआधी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा, "आत काही ठेवायचंय का?" उत्तर आल्याशिवाय कीबोर्डला बोट लावायचा नाही. वीस वर्षांचा नेम.

त्या दिवशी एक बाई मशीन घेऊन आल्या. सिस्टीम चालूच होत नव्हती. बाई बोलायला लागल्या त्या थांबेनात, आणि मामाचा जेवणाचा डबा उघडायचा राहिलेला.

"नवी सिस्टीम टाकतो. पाचला या, बाई!"

बाई गेल्या.

विचारायचं राहिलं.

मामाने सीडी घातली. ड्राइव्ह कुरकुरला. वीस टक्के... चाळीस... चौसष्ट.

अडकली.

आणि मागे कुणीतरी खोकलं...

मामाने वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

सीडी शर्टाला पुसून पुन्हा घातली. चौसष्ट.

पुन्हा खोकला. दमलेल्या माणसाचा...

मग मामाने कोरी करकरीत दुसरी सीडी काढली. तीही चौसष्टलाच थांबली. आणि अगदी कानाशी...

"थांबा."

"ए टेलर, चेष्टा पुरे हं!" मामा भिंतीपलीकडे ओरडला.

शेजारच्या टेलरने दारातून डोकावलं. तोंडात टाचण्या धरलेल्या. त्याने नुसती मान हलवली.

मशीनला स्पीकर जोडलेलाच नव्हता.

सीडी नुसती वाचलीच जात होती, अजून काही पुसलं गेलं नव्हतं. तिथे थांबता आलं असतं. पण हट्टाला पेटलेल्या मामाने पेन ड्राइव्ह लावला. स्क्रीनवर आलं, 'जुनं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?'

मामाने बटण दाबलं.

या वेळी काहीच अडलं नाही. खोकलाही नाही...

पाचला बाई आल्या. नवा कोरा स्क्रीन बघून त्यांचा चेहराच उतरला.

"आतलं कुठंय?"

"काय होतं, बाई?"

"यांनी जायच्या आधी माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. वर्ष झालं. ऐकायचा धीरच होत नव्हता हो... आज ठरवलं होतं."

मामाने तीन दिवस खटपट केली. हाती शून्य.

मशीन दुकानातच राहिलं. प्लग काढलेलं. तरी भर दुपारी त्यातून खोकला येतो. मग आवाज...

"अगं, ऐकतेस का? एक सांगायचं राहिलं होतं. ते म्हणजे..."

तिथेच तुटतो. दर वेळी तिथेच.

बाई दर मंगळवारी अडीचला येतात. मशीनसमोरच्या स्टुलावर बसतात.

"काही मिळालं का हो?"

त्या आवाजाचं मामा अजून त्यांना सांगू शकलेला नाही. "नाही, बाई."

गेल्या मंगळवारी मीही तिथे होतो.

बाई उठल्या, पर्स उचलली. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे, अगदी स्पष्ट...

"अगं, ऐकतेस का?"

मी दचकलो. मामाने माझा दंड घट्ट धरला.

बाई शांतपणे चप्पल घालत होत्या.

त्यांना ऐकूच आलं नव्हतं.