न उडणारा स्नायू

यंत्राचा हिरवा दिवा लागला होता, आकडा चढत होता, आणि हाझेमच्या मांडीचा स्नायू मात्र ढिम्म होता. एवढ्या विजेला तो उडायलाच हवा. नरमीनने मांडीवरची विजेची पट्टी दाबून पाहिली. नीट चिकटलेली होती.

"मुंग्या येतायत?"

"भरपूर," हाझेम म्हणाला. "अख्खं वारूळच आलंय."

बाहेर अलेक्झांड्रियाचा समुद्र रस्त्यावर येऊन आपटत होता, हिवाळी वादळाने खिडकी थरथरत होती. नरमीन गोंधळली. फिजिओथेरपीचा तिचा प्रबंध तसा साधा होता: अभ्यासाने पिचून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्नायूंना विजेचे हलके झटके दिले, तर त्यांचा शीण उतरतो का? आर्किटेक्चरचा हाझेम पहिल्यांदा आला तेव्हा कॉलेज सोडायच्या बेतात होता. आता सगळ्यांत भराभर त्याचाच शीण उतरत होता. येताना तो तिच्यासाठी गरम सहलब, ते दाट गोड दुधाचं पेय, आणायचा, आणि ती... ती त्याची वेळ मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवायची.

ज्याच्यात जीव गुंतला त्याला मोजायचं नाही, हा तिच्या मार्गदर्शक डॉक्टर इनासबाईंचा नियम. त्याला केव्हाच वगळायला हवं होतं. पण वगळलं तर माणसं कमी पडणार, प्रबंध पुढच्या सत्रावर जाणार, आणि — तो यायचा थांबणार. दर आठवड्याला ती ठरवायची आणि गप्प बसायची.

तिने यंत्र बंद केलं. वायर चाचपत ती यंत्रामागे गेली. टोक नुसतंच लोंबत होतं.

"हाझेम, वायर लागलेलीच नाही!"

"अं... हो का?"

"मग वारूळ कुठलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "काही वाटत नाही म्हटलं असतं, तर तू मला शेजारच्या खोलीतल्या करीमच्या यंत्रावर धाडलं असतंस. त्याचे हात बर्फासारखे आहेत, डॉक्टरीणबाई."

"आणि बाकीची उत्तरं? झोप लागते, पुन्हा चित्रं काढतो... तीही थापच?"

"वल्ला, देवाशपथ, ती खरी आहेत! कॉलेज सोडायचं खूळ गेलं डोक्यातून. कशाने, ते मला नको विचारूस. शास्त्रज्ञ तू आहेस."

आज वीज नव्हती; पण इतके दिवस तरी त्याचा शीण विजेनेच उतरला होता, की...? हा आकडा मांडायचा तरी कुठल्या रकान्यात?

तेवढ्यात दार ढकलून इनासबाई आत आल्या. "काय गं, झालं का?"

"डॉक्टर, हाझेमला मी अभ्यासातून काढतेय."

हाझेम ताडकन उठून बसला.

"सत्र जाईल तुझं," बाई म्हणाल्या. "यंत्र बिघडलं का?"

'वायर निघाली होती' — एवढ्यावर भागलं असतं. नरमीनने हाझेमकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"नाही, यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "मला तो आवडतो... म्हणून काढतेय."